बुलडॉग आणि मुंबईची हवा: घरी आणण्याआधी आणि आणल्यानंतर

बुलडॉग सांभाळणं म्हणजे मुख्यतः त्याचा श्वास सांभाळणं. खाणं, फिरणं, अंघोळ, डॉक्टर, सुट्टीचे बेत, विजेचं बिल, सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबतं. नाशिक-पुण्याकडे थंडीचे तीन-चार महिने तरी या कुत्र्याला उसंत मिळते. मुंबईत ती मिळते जेमतेम डिसेंबर-जानेवारीत. तुम्ही बुलडॉग घ्यायच्या विचारात असाल, किंवा पिल्लू आधीच घरात येऊन चपला कुरतडत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे मुलुंडला इंग्लिश बुलडॉग आहे, बंड्या. घरातल्या सगळ्यांचा त्याच्यावर जीव आहे, म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी हवेचं गणित समजून घ्या

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा जिभेवरचा, नाकातला, घशातला ओलावा उडून जातो आणि त्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर पडते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. हवा भरपूर आत-बाहेर जायला हवी आणि बाहेरची हवा कोरडी हवी. पहिली बुलडॉगकडे नसते, दुसरी मुंबईकडे.

पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बुलडॉगचं तोंड चपटं केलं गेलं, पण तोंडाच्या आतला मऊ भाग त्या मानाने लहान झाला नाही. नाकपुड्या अरुंद राहिल्या. टाळूच्या मागचा मऊ पडदा लांब आणि जाड असल्यामुळे घशात लोंबतो. काहींची श्वासनलिकाही मुळातच बारीक असते. डॉक्टर या सगळ्याला मिळून 'बोआस' म्हणतात. श्वास ओढायला जोर लावावा लागतो, त्या जोराने घसा आतून सुजतो, वाट आणखी अरुंद होते, मग आणखी जोर. म्हणून हा त्रास वयाबरोबर वाढत जातो.

नागपूर-चंद्रपूरचे नातेवाईक आपला ३३-३४ अंशांचा मे महिना ऐकून हसतात. कुत्र्याच्या बाबतीत नुसता पारा बघून चालत नाही. समुद्राकाठच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की जिभेवरचा ओलावा उडतच नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि त्या कष्टानेच अंग आणखी तापतं. ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्लिश बुलडॉगला उष्माघात होण्याची शक्यता लॅब्रॅडॉरच्या साधारण १४ पट दिसली, फ्रेंच बुलडॉगला साधारण ६ पट. ही ब्रिटनसारख्या थंड देशातली गोष्ट झाली. तिथल्याच २०२२ च्या आयुर्मानाच्या तक्त्यात इंग्लिश बुलडॉगचं अपेक्षित आयुष्य साधारण ७.४ वर्षं निघालं, तर लॅब्रॅडॉरचं जवळपास १२. आठ वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला बुलडॉगचं पिल्लू देणार असाल, तर ती दहावीत जाईल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल किंवा नसेलही, हे आई-वडिलांनी आधीच मनाशी धरून ठेवलेलं बरं.

मूळचा बुलडॉग असा नव्हता. इंग्लंडात बैलांशी झुंज लावण्यासाठी तो पाळला जायचा. १८३५ साली कायद्याने त्या झुंजी बंद झाल्या आणि नंतर प्रदर्शनांसाठी त्याचा चेहरा आखूड, डोकं मोठं, अंग बुटकं होत गेलं. कुत्र्याचा यात काही दोष नाही. पण आपण विकत घेतो म्हणून तशी पिल्लं जन्माला येतात, एवढी जबाबदारी आपलीच.

घ्यायचा ठरलाच, तर कोणता आणि कुणाकडून

इंग्लिश बुलडॉग साधारण १८ ते २५ किलोंचा, ठेंगणा आणि जड. फ्रेंच साधारण ८ ते १३ किलोंचा, कान उभे, अंगाने चपळ. श्वासाच्या बाबतीत दोघेही एकाच माळेचे मणी. फरक पडतो तो वजनाचा. सहाव्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट बंद पडली, तर २४ किलोंच्या कुत्र्याला उचलून जिने चढायचे आहेत. तो स्वतः चढला तर वर पोचेपर्यंत त्याची जीभ जांभळी पडू शकते. घरात उचलणारं कोण आहे, हे आधी ठरवा. अमेरिकन बुलडॉग हा वेगळा, उंच आणि ताकदवान कुत्रा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी आणण्याबद्दल जे परिपत्रक काढलं होतं, त्यात नाव होतं ते या अमेरिकन बुलडॉगचं. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं. इंग्लिश आणि फ्रेंच बुलडॉग त्या यादीत नव्हतेच. सोसायटीत कुणी हा विषय काढला तर शांतपणे एवढं सांगा.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी आई बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघा. आईला तीनेक मिनिटं जरा भरभर चालवायला सांगा आणि चालण्याआधी व चालल्यानंतर तिच्या तोंडाजवळ कान देऊन ऐका. हलकी घरघर असेल तर एक वेळ चालेल. पण लांबून ऐकू येणारी करकर, शिट्टीसारखा आवाज, मान ताणून उभं राहणं, फेस उलटणं, यातलं काही दिसलं तर त्या आईचं पिल्लू घेऊ नका, ते कितीही गोंडस असो. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी बसवलेली चाचणीही याच धर्तीची आहे. स्टेथोस्कोपने ऐकायचं, तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवायचं, पुन्हा ऐकायचं आणि ० ते ३ अशी श्रेणी द्यायची. आईची आणि जमल्यास बापाची अशी तपासणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. पिल्लाच्या नाकपुड्या समोरून बघा. त्या उघड्या दिसायला हव्यात. नुसती चिकटलेली फट दिसली, तर पुढे शस्त्रक्रियेचा खर्च ठरलेला.

बुलडॉगच्या पिल्लाचं डोकं मोठं आणि आईचं कटिहाड अरुंद, त्यामुळे ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत या जातीची ८० टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. आईचं हे कितवं सिझेरियन, हा प्रश्न जरूर विचारा. स्वस्तात पिल्लू मिळतंय म्हणजे कुणीतरी आईच्या जिवावर काटकसर केलेली असते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर वंशावळ दाखवतात, फुप्फुसं दाखवत नाहीत. 'दुर्मीळ रंग' म्हणून निळा, लायलॅक, ठिपक्यांचा मर्ल असं काही जास्त भावाने विकत असतील तर सरळ नाही म्हणा. फिकट केलेल्या रंगांबरोबर केस गळण्याचा आणि त्वचेचा त्रास येऊ शकतो, आणि मर्लची मर्लशीच जोडी लावली तर आंधळी-बहिरी पिल्लं होऊ शकतात.

आणखी एक वाट आहे, आणि मला तीच जास्त पटते. खर्च झेपेना म्हणून सोडून दिलेले मोठे बुलडॉग मुंबईत दत्तक मिळतात. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा श्वास कसा आहे हे समोर दिसतं, अंदाज करावा लागत नाही.

घराची तयारी

बुलडॉगच्या घरात एसी ही चैन नाही. तो ज्या खोलीत झोपतो तिथे मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये एसी लागतोच. पावसाळ्यात गारवा पुरेसा असला तरी हवा चिकट असते, तेव्हा एसी 'ड्राय' मोडवर ठेवा. हवेतला ओलावा कमी होतो आणि बिलही जरा आटोक्यात राहतं. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीड बंद पडून मुंबईचा मोठा भाग काही तास विजेविना होता, तोही ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात. तेव्हापासून आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा फक्त बंड्याच्या कोपऱ्यासाठी लावलेला आहे. तुम्हीही चार्जिंगचा पंखा तरी घेऊन ठेवा.

गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात आणि या जातीचे खुबे मुळात कमजोर असतात. जिथे तो सारखा ये-जा करतो तिथे रबरी पाठीच्या पट्ट्या किंवा जाड सतरंज्या टाका. सोफा-पलंगावर उड्या मारू देऊ नका, पायरी ठेवा. गळ्यातला पट्टा फक्त बिल्ला अडकवायला वापरा. दोरी बांधायला छातीवरून जाणारा हार्नेस हवा, म्हणजे ओढ घशावर येत नाही. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. आणि एक थर्मामीटर, फक्त त्याच्यासाठी.

दिवस कसा जातो

स्वभावाने बुलडॉग अगदी घरगुती. भुंकणं कमी, झोप भरपूर, माणूस लागतो सतत. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो तिथे येऊन पायावर बूड टेकून बसणार. हट्टी मात्र आहे. जायचं नसलं की रस्त्यात बसकण मारतो आणि मग ओढून काही होत नाही. ओढूही नका. हातात चिकनचा तुकडा आणि दोन मिनिटांचा धीर, एवढंच चालतं. ओरडण्याने तो बिथरत नाही, फक्त ऐकायचं सोडून देतो. दिवसभर घर रिकामं राहणार असेल तर हा कुत्रा घेऊ नका. एकटेपणा तर वाईटच, पण तुमच्या पाठी एसी बंद पडला तर बघणारं कुणी नसतं.

फिरवणं पहाटे आणि रात्री. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत घरी परतलेलं बरं, रात्री दहानंतर बाहेर. रस्त्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. पंधरा-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या पुरतात. चालताना त्याच्या आवाजाकडे लक्ष द्या. नेहमीची घरघर तुमच्या कानात महिन्याभरात बसते. ती बदलून कर्कश झाली, जीभ टोकाशी रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, की घर दोन मिनिटांवर असलं तरी तिथेच सावलीत थांबा.

घरघर, घोरणं हे 'बुलडॉगचं असंच असतं' म्हणून सोडून द्यायची आपल्याकडे सवय आहे. थोडं घोरणं ठीक. पण बसल्या बसल्या झोपणं, झोपेत हनुवटी उंचावर टेकवूनच श्वास घेता येणं, श्वास थांबून दचकून उठणं, जेवण झाल्यावर न पचलेलं अन्न किंवा फेस बाहेर येणं, ही आजाराची लक्षणं आहेत. झोपेत असताना मोबाइलवर त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात तो जागा आणि घाबरलेला असतो, तिथे हे दिसत नाही. शांत झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सतत दिसत असतील तर तेही सांगा.

घड्या, नाक, शेपटी

रोजचं खरं काम इथे आहे. नाकाच्या वर जी जाड घडी असते ती दोन बोटांनी हलकेच वर उचला. आत गुलाबी, कोरडी कातडी दिसली तर सगळं ठीक. तपकिरी ओलसर थर, आंबूस वास किंवा लालसरपणा दिसला की जिवाणू किंवा बुरशी सुरू झाली म्हणून समजा. सुती मऊ कापड कोमट पाण्यात पिळून, बोटावर गुंडाळून, घडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच फिरवा. कापडाची बाजू बदला, पुन्हा फिरवा. मग कोरडं कापड घेऊन तसंच. कोरडं करणं पुसण्यापेक्षा महत्त्वाचं, विशेषतः आपल्या हवेत. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स दिले असतील तर वापरा, पण डोळ्यात जाऊ देऊ नका. घरातली वडीलधारी मंडळी मायेने हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगतील. त्यांना समजावून सांगा की तेलाने ओलावा आत कोंडतो. पावडरही नको, तिचा चिखल होतो.

शेपटी बहुतेक जण विसरतात. इंग्लिश बुलडॉगची शेपटी आखूड आणि पिळलेली असते आणि तिच्या मुळाशी एक खळगा असतो. काहींचा इतका खोल की आत बोटाचं पेर जातं. तो जमिनीवर मागचा भाग घासत असेल, किंवा त्याच्याजवळ बसल्यावर कुजका वास येत असेल, तर आधी तिथे बघा. आठवड्यातून दोन-तीनदा त्याच पद्धतीने पुसायचं.

नाकाचं टोक कोरडं पडून भेगाळत असेल तर श्वानांसाठीचा बाम मिळतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल, मण्याएवढा गोळा दिसला तर त्याला 'चेरी आय' म्हणतात. तिसऱ्या पापणीतली ग्रंथी बाहेर आलेली असते. ती कापून काढायला सांगणाऱ्यापेक्षा परत जागेवर बसवणारा डॉक्टर शोधा, कारण डोळ्यातलं बरंचसं पाणी त्या ग्रंथीतून तयार होतं. अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, आणि नंतर पंख्याखाली पूर्ण कोरडा होईस्तोवर सोडायचं नाही.

खाणं

जाड बुलडॉग गोड दिसतो, म्हणून आपण खाऊ घालत जातो. गळ्याभोवतीची चरबी त्या आधीच अरुंद वाटेवर दाब देते. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना जाणवल्या पाहिजेत, वरून बघितल्यावर कमरेशी जरा आत गेलेलं दिसलं पाहिजे. दर महिन्याला वजन करा: तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा जेवण, मोजून. घास न चावता गिळतो म्हणून उंचवटे असलेलं ताट घ्या. जेवणाआधी आणि नंतर तासभर धावपळ नको. चपाती-दूध हे आपल्याकडचं ठरलेलं कुत्र्याचं जेवण या कुत्र्याला मानवत नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि बुलडॉगच्या पोटात वायू मुळातच फार, घरातल्या सगळ्यांना ते कळतं. तयार खाणं आणि घरचं उकडलेलं चिकन, भात, दुधी असं मिळून द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका लक्षात ठेवा. आंब्याचा थोडा गर चालतो, कोय अजिबात नाही, ती आतड्यात अडकते. लघवी करताना कुंथत असेल किंवा थेंब थेंब होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, या जातीत मूतखडे होतात.

पावसाळा

जून लागण्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस झाली आहे का ते वहीत बघा. ती दरवर्षी घ्यावी लागते. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात हा आजार पसरतो आणि तो माणसांनाही होतो. घोट्याएवढं पाणी असलेल्या रस्त्यावरून कुत्रा नेऊ नका, बाहेर जाणं अडलंच तर इमारतीच्या कोरड्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांखालच्या मोकळ्या जागेत, फिरवा.

घरी आल्यावर चारही पाय साध्या पाण्याने धुवून बोटांच्या बेचक्यांत कापड घालून पुसा. बोटं फाकवून बघा. बेचक्यात लाल फोड, सूज किंवा सतत चाटून तपकिरी झालेले केस दिसले तर दुर्लक्ष करू नका. जड अंगामुळे या कुत्र्यांना तिथे गळवं होतात आणि ओलसर हवेत ती बरी व्हायला वेळ लागतो.

गोचीड मुंबईत बाराही महिने, पावसाळ्यात जास्त. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना विचारून वर्षभर चालू ठेवा. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही टिक फिव्हरची लक्षणं आहेत. त्यात रक्त तपासणीला उशीर नको.

तापला तर पहिली दहा मिनिटं

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. बाहेरून आल्यावर १०४ च्या वर दिसलं तर धोका सुरू झाला, १०६ ला अवयव निकामी होऊ लागतात. तापमान घेत बसायला वेळ नसला तरी हे दिसतं: थांबतच नाही अशी धाप, घट्ट तारेसारखी लाळ, झोकांडी जाणं, हिरड्या आधी लालभडक आणि मग निळसर.

अशा वेळी आधी गार करायचं, मग दवाखान्याकडे धावायचं. सावलीत घ्या, नळाचं पाणी अंगभर ओता, पोटावर आणि मांड्यांच्या आत जास्त, आणि पंखा थेट अंगावर सोडा. पाणी आणि वारा दोन्ही एकदम हवेत. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो लगेच कोमट होतो आणि उष्णता आत अडवतो. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. शुद्धीत असेल आणि स्वतःहून पीत असेल तर पिऊ द्या. तापमान १०३ पर्यंत उतरलं की ओतणं थांबवा. मग ओल्या अंगानेच गाडीत घ्या, एसी पूर्ण सोडा आणि निघण्याआधी दवाखान्याला फोन करा. बरा वाटला तरी दाखवायचंच. आतली इजा दुसऱ्या दिवशीही वर येते.

बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा एकटा ठेवायचा नाही, काच खाली असली तरी.

डॉक्टर आणि शस्त्रक्रिया

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा अनुभव असलेला डॉक्टर पिल्लू आणण्याआधी शोधा आणि रात्री कुठे जायचं तेही ठरवून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १९ व्या शतकापासून आहे, शेजारीच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. मुलुंड-बोरिवलीहून गर्दीच्या वेळी तिथे पोचायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून घराजवळचा एक दवाखाना हवाच.

नाकपुड्या रुंद करणं आणि लांब टाळू आखूड करणं या शस्त्रक्रिया आता मुंबईत होतात. त्रास असेल तर लवकर केलेल्या चांगल्या, कारण घशाची सूज जुनी झाली की फायदा कमी होतो. पुष्कळदा नसबंदीच्या वेळीच, एकाच भुलीत, नाकपुड्याही करून घेता येतात. या जातीला भूल देणं जोखमीचं असतं, विशेषतः शुद्धीवर येताना. तेव्हा तीन प्रश्न विचारा. श्वासनलिकेतली नळी तो पूर्ण जागा होईपर्यंत ठेवणार का, त्याच्याजवळ माणूस बसून राहणार का, आणि गरज पडली तर ऑक्सिजन रात्रभर आहे का. उत्तर देताना जो डॉक्टर चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

सोसायटी, सण, प्रवास

रेबीजची लस आणि महापालिकेचा श्वान परवाना, दोन्हीचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. कागद हातात असला तरी शेजाऱ्याशी गोडीने वागणंच कामी येतं. बंड्याचा चेहरा बघून आमच्या मजल्यावरच्या आजी आधी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. आम्ही त्या लिफ्टमध्ये असल्या की पुढच्या खेपेची वाट बघायचो. आता त्याच विचारतात, 'आज तुमचा पैलवान दिसला नाही तो?' विष्ठा स्वतः उचला, वॉचमनवर सोडू नका.

विसर्जनाचे ढोल आणि दिवाळीचे फटाके बुलडॉगला दुहेरी त्रास देतात. घाबरून धाप लागते आणि धाप लागली की तो तापतो. त्या दिवसांत संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, खिडक्या बंद, एसी चालू, आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ. फटाक्यांच्या धुराच्या रात्री बाल्कनीत सोडू नका. फार घाबरत असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी दोन आठवडे आधी बोला, आयत्या वेळी कुणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी देऊ नका. तिने घशाचे स्नायू ढिले पडून श्वासच अडू शकतो.

अलिबाग, कर्जतच्या फार्महाउसवर सगळे कुत्र्यांना घेऊन जातात. तिथला पोहण्याचा तलाव बुलडॉगसाठी जीवघेणा आहे. डोकं जड, पाय आखूड, तो बुडतो, आणि आवाज न करता बुडतो. तलावाला कुंपण नसेल तर तिथे जाऊ नका, असेल तरी लाइफ जॅकेट घालूनच बाहेर काढा. विमानाच्या सामानकक्षात चपट्या तोंडाच्या जाती बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, आणि त्यांनी घेतला तरी तुम्ही देऊ नका. कोकणात जायचं तर रात्री निघा.

खर्च आणि उतरतं वय

पिल्लाची किंमत हा सगळ्यात छोटा खर्च ठरतो. खाणं, गोचिडीच्या गोळ्या, लशी, कातडीची औषधं आणि एसीचं बिल हे दर महिन्याचं झालं. त्यावर आयुष्यात एखादी तरी मोठी शस्त्रक्रिया येणार असं धरूनच चाला. पाळीव प्राण्यांचा विमा मिळतो, पण जन्मजात आणि आनुवंशिक आजार त्यातून अनेकदा वगळलेले असतात, आणि बुलडॉगचे निम्मे आजार त्यातच मोडतात. अटींचं पान नीट वाचा. आम्ही पहिल्या महिन्यापासून बंड्याच्या नावाचं आवर्ती ठेव खातं बँकेत चालवतो, ते विम्यापेक्षा जास्त कामी आलं.

सहा-सात वर्षांनंतर तो हळू होतो. फिरणं अर्ध्यावर आणा, पण बंद करू नका, नाहीतर वजन वाढतं. गाडीत चढायला रॅम्प, झोपायला जाड फोमची गादी, आणि वर्षातून दोनदा रक्त, लघवी, छातीची तपासणी. सांधे दुखतात म्हणून माणसांची पेनकिलर कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असते, पॅरासिटामोलही डॉक्टरांशिवाय नको. रात्री श्वासाचा आवाज बदलला तर सकाळची वाट न बघता निघा, म्हणून दवाखान्याचा नंबर, त्याच्या फाइलची जागा आणि त्याला उचलायला येणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येईल असा.